फोडातलं पाणी म्हणजे घाण नव्हे. सुई घेण्याआधी हे वाचा

नवी मुंबई : भाताची लावणी असो, कापणी असो, की चैत्रात एकविरेला निघालेली पायी पालखी असो, एक गोष्ट ठरलेली असते. हातापायाला फोड येतात. संध्याकाळी माणूस ओट्यावर बसतो, पाय पुढे घेतो आणि घरातलं कुणीतरी सुई आणून देतं. "फोडून टाक, घाण पाणी निघून जाईल, मोकळं वाटेल." बहुतेक घरांत हाच सल्ला मिळतो. पाणी निघतं, थोडा वेळ बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी तोच पाय चिखलात जातो आणि तिसऱ्या दिवशी ठणका सुरू होतो.

खरं म्हणजे फोडातलं पाणी घाण नसतं. ते आपल्याच रक्तातून गाळून आलेलं असतं आणि खालची कातडी भरून येईपर्यंत तिला जपण्याचं काम करतं. फोडावरचं पातळ कातडं ही तर शरीराने फुकट दिलेली पट्टी आहे. ही पट्टी आपण स्वतःच्या हाताने काढून टाकतो आणि मग मेडिकलमधून दुसरी विकत आणतो.

मार्च २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च अनेकांना आठवत असेल. ६ मार्चला नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी कसारा घाट उतरून, ठाण्यावरून १२ मार्चला पहाटे मुंबईच्या आझाद मैदानावर पोचले. साधारण १८० किलोमीटरची वाट. त्यात आदिवासी बायाबापड्यांची संख्या मोठी होती. दहावीची परीक्षा चालू होती, मुलांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून काढला. त्या वेळी मागण्यांइतकीच चर्चा झाली ती त्यांच्या पायांच्या फोटोंची. फुटलेले फोड, तुटलेल्या चपला, कातडं सुटून खालचा लाल भाग उघडा पडलेले तळवे. मुंबईकरांनी पाणी दिलं, खाणं दिलं, चपला दिल्या, डॉक्टरांनी मलमपट्टी केली. फोडावरचं कातडं निघून गेलं की मागे काय उरतं, ते त्या फोटोंत अख्ख्या देशाने पाहिलं.

फोड येतो कसा?

आपली कातडी एकच थर नसते. वरचा थर पातळ असतो, त्याला बाह्यत्वचा म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याच्या खाली जाड थर असतो, त्यात रक्तवाहिन्या, नसा, घामाच्या ग्रंथी असतात.

अनेकांना वाटतं की कातडी घासून घासून झिजली की फोड येतो. तसं नाही. एक साधी गोष्ट करून बघा. एका हाताच्या तळव्यावर दुसऱ्या हाताचं बोट दाबून ठेवा आणि बोट न घसरू देता मागे-पुढे हलवा. बोट जागचं हलत नाही, पण खालची कातडी ताणली जाते. चालताना नेमकं हेच होतं. तळपायाची कातडी चपलेला किंवा मोज्याला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढे-मागे सरकत राहतं. मधल्या थरांना दर पावलाला ताण बसतो. हजारो पावलांनंतर बाह्यत्वचेचे थर आतल्या आत एकमेकांपासून सुटतात. भाकरी तव्यावर फुगते तेव्हा पापुद्रा सुटतो, तसंच काहीसं. मग त्या पोकळीत पाणी भरतं.

घामाने ओलसर झालेली कातडी जास्त चिकटते. म्हणून उन्हात, घामेजल्या पायाने, गमबुटात चालताना फोड लवकर येतात. नवी चप्पल, सैल बूट, मोज्याची चुणी, बुटात गेलेला खडा, यातलं काहीही पुरतं.

फोड तळहातावर आणि तळपायावरच जास्त का येतात? तिथलं वरचं कातडं जाड असतं. ते फाटत नाही, अख्खं वर उचललं जातं. दंडावर किंवा मांडीवर तेवढंच घासलं तर पातळ कातडी सोलून निघते, त्याला आपण खरचटलं म्हणतो.

मग रोज फावडं मारणाऱ्याला किंवा वाशीच्या बाजार समितीत ओझं वाहणाऱ्या माथाडीला रोज फोड का येत नाहीत? कारण थोडा थोडा ताण रोज बसला की कातडी जाड होते आणि घट्टे पडतात. सहा महिन्यांनी एकदम विळा हातात घेतला की पहिल्या दिवशी फोड ठरलेला. म्हणून कापणीच्या पहिल्या दोन दिवसांत जुन्या माणसांनीही जरा बेताने घ्यावं.

हे पाणी येतं कुठून?

पोकळी तयार झाली की खालच्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू लागतं आणि थोड्या वेळात फोड टम्म होतो. रक्तातल्या लाल पेशी मोठ्या असतात, त्या मागे राहतात. पाणी, क्षार आणि काही प्रथिनं गाळून वर येतात. म्हणून फोडातलं पाणी स्वच्छ किंवा किंचित पिवळसर दिसतं. आपल्याकडे यालाच लस म्हणतात.

चिमटा बसला, हातोडी लागली, की कधी कधी खालच्या रक्तवाहिन्याच फुटतात. मग फोडात लाल-काळं रक्त साठतं. तो रक्ताचा फोड. तोही सहसा आपोआप जिरतो.

पू मात्र वेगळा. पू म्हणजे जंतू आणि त्यांच्याशी लढताना मेलेल्या पांढऱ्या पेशी. तो गढूळ, घट्ट, पिवळा-हिरवा असतो आणि त्याला वास येऊ शकतो. लस आणि पू यांतला फरक घरातल्या सगळ्यांना कळायला हवा. स्वच्छ पाणी असेल तर काळजी नाही. पाणी गढूळ झालं, फोडाभोवती लाली आणि गरमपणा वाढला, तर जंतू आत शिरलेत असं समजायचं.

सहा तासांपासून पाच दिवसांपर्यंत

फोड नुसता बसून असतो असं वाटतं, पण आत काम जोरात चालू असतं. घासून आलेल्या फोडांवर शास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासात हे दिसलं आहे.

साधारण ६ तासांत फोडाच्या तळाच्या पेशी नवीन कातडी बनवायला लागणारा माल गोळा करू लागतात. २४ तासांत पेशींची वाढ जोरात सुरू होते. ४८ तासांत नवीन कातडीचा एक थर दिसू लागतो. आणि साधारण १२० तासांत, म्हणजे पाच दिवसांत, वरचा कडक थर तयार होतो. तोवर फोडातलं पाणी हळूहळू शरीरात परत जिरतं, फोड चपटा होतो, वरचं कातडं सुकतं आणि आपोआप सुटून पडतं. खाली गुलाबी, कोवळी कातडी दिसते.

हे सगळं व्हायला तीन गोष्टी लागतात: ओलावा, स्वच्छता आणि नवीन घासणं थांबणं. पहिल्या दोन गोष्टी फोड स्वतः देतो. पाण्यामुळे ओलावा राहतो, वरच्या कातड्यामुळे जंतू आत येत नाहीत. तिसरी गोष्ट आपल्याला द्यायची असते. काम बदला, चप्पल बदला, नाहीतर निदान मऊ पट्टी लावा.

मग फोडायचा की नाही?

लहान फोड, फारसा दुखत नाही, तर हात लावू नका. साबणाने धुवा, कोरडा करा, स्वच्छ पट्टी लावा, बस्स. घासणारी जागा असेल तर कापूस किंवा फोमची चकती घेऊन मधे भोक पाडा आणि फोड त्या भोकात येईल अशी लावा. दाब कडेवर पडतो, फोडावर नाही.

मोठा, टम्म, तळपायावर किंवा टाचेवर आलेला फोड, पाऊल टेकवत नाही आणि तरी चालणं भाग आहे, तर पाणी काढता येतं. पण पाणी काढणं वेगळं आणि कातडं काढणं वेगळं. पाणी काढायचं, कातडं ठेवायचं. ते असं:

१. आधी स्वतःचे हात साबणाने धुवा. मग फोड आणि आजूबाजूची जागा साबण-पाण्याने धुवा आणि पोव्हिडोन आयोडीन लावा.

२. मेडिकलमधून इंजेक्शनची नवीन, पाकीटबंद सुई घ्या. काही रुपयांत मिळते. गोधडीची सुई, बाभळीचा काटा, ब्लेड, नख, यातलं काहीही नको. एकाची सुई दुसऱ्याला तर मुळीच नको.

३. फोडाच्या कडेला, खालच्या बाजूला दोन-तीन बारीक भोकं पाडा. मधोमध टोचू नका.

४. स्वच्छ कापसाने किंवा गॉजने हलकेच दाबून पाणी येऊ द्या. वरचं कातडं खाली बसलं पाहिजे. ते ओढू नका, कापू नका.

५. साधं पेट्रोलियम जेली किंवा डॉक्टरांनी दिलेलं मलम लावून न चिकटणारी पट्टी बांधा. रोज बदला, आणि बदलताना नीट बघा.

पायी वारीत आणि पदयात्रांत काही जण सुई-दोरा ओवून दोरा फोडातच ठेवतात, म्हणजे पाणी झिरपत राहतं. पण तोच दोरा बाहेरचे जंतू आत न्यायची वाट होतो. हा उपाय करू नये.

मधुमेह असलेल्या माणसाने, पायाला बधिरपणा असलेल्याने किंवा पायातला रक्तपुरवठा कमी असलेल्याने यातलं काहीही घरी करू नये. भाजल्याचा फोडही घरी टोचू नये. त्यांचं पुढे सांगितलं आहे.

लावणीच्या दिवसांत धोका जास्त

पनवेल, उरण, कर्जत भागातल्या भातशेतीत हा विषय पायाच्या दुखण्यापुरता राहत नाही. फुटलेला फोड म्हणजे उघडं दार. शेतातल्या साचलेल्या पाण्यात उंदीर, गुरं, कुत्री यांचं मूत्र मिसळलेलं असतं. त्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात आणि ते कातडीवरच्या जखमांतून शरीरात शिरू शकतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या आजाराची मोठी साथ आली होती, ती पुराच्या पाण्यातून चाललेल्या माणसांमुळेच.

म्हणून पायाला फुटलेला फोड असेल तर चिखलात उतरण्याआधी जखम झाकणारी पट्टी आणि वर गमबूट घालावेत. घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत. गमबूट आतून ओले असतील तर उलटे करून वाळवावेत, नाहीतर त्यातूनच पुढचा फोड येतो.

लावणीनंतर काही दिवसांत ताप आला, अंग आणि पोटऱ्या फार दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर "थकव्याचा ताप असेल" म्हणून घरी बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि शेतात काम केलं होतं हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वेळेत औषध मिळालं तर हा आजार बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृतावर जातो आणि जिवावरही बेततो.

धनुर्वाताचंही तसंच. माती आणि शेणात त्याचे जंतू असतात. जखमेत माती गेली असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल, तर केंद्रात जाऊन विचारा. फोडावर शेण, राख, तंबाखू, चुना लावणं हे तर जंतूंना आमंत्रण आहे.

भाजल्याचा फोड वेगळा

सायलेन्सरचा चटका, वड्यांचं उकळतं तेल, कुकरची वाफ, चुलीतला निखारा, राब भाजताना लागलेली झळ, यांनी येणारा फोड दिसायला तसाच, पण आतून वेगळा. इथे थर ताणाने सुटत नाहीत, उष्णतेने सुटतात. खालच्या रक्तवाहिन्यांनाही झळ बसलेली असते. त्या गळू लागतात, म्हणून पाणी जास्त येतं आणि त्यात प्रथिनंही जास्त असतात.

भाजल्यावर पहिली २० मिनिटं महत्त्वाची. नळाचं किंवा बोअरचं साधं थंड पाणी २० मिनिटं भाजलेल्या जागेवर वाहू द्या. बर्फ नको, त्याने कातडीला आणखी इजा होते. अंगठी, बांगडी, जोडवी, घड्याळ सूज यायच्या आत काढा. नंतर स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळून दवाखान्यात जा. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, कच्चं अंडं काही लावू नका. त्याने आग कमी झाल्यासारखी वाटते, पण उष्णता आत अडकते, जंतू वाढतात, आणि डॉक्टरांना जखम बघायची तर आधी ते सगळं खरवडून काढावं लागतं. तो त्रास पेशंटलाच होतो.

किती भाजलं हे मोजायची सोपी पद्धत आहे. भाजलेल्या माणसाचा स्वतःचा पंजा, बोटांसकट, म्हणजे त्याच्या शरीराचा साधारण एक टक्का. पंजापेक्षा मोठी जागा भाजली असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधा, गुप्तांग भाजलं असेल, विजेचा किंवा ॲसिडचा चटका असेल, किंवा भाजलेलं लहान मूल वा म्हातारं माणूस असेल, तर लगेच दवाखाना. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. मोठ्या भाजण्यात फोडांतून आणि उघड्या जागेतून शरीरातलं पाणी इतकं निघून जातं की माणूस त्यानेच दगावू शकतो. म्हणून दवाखान्यात पहिल्यांदा सलाईन लावतात.

नवी मुंबईत ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे. भाजलेल्या रुग्णांसाठीच चालणारं हे रुग्णालय. तिथे त्वचापेढीही आहे. रक्तपेढीत रक्त ठेवतात तशी इथे मरणानंतर दान केलेली कातडी जपून ठेवतात. ती कशासाठी, हे फोड समजला की सहज कळतं. मोठ्या भाजण्यात वरचं कातडं जळून गेलेलं असतं. खालचा भाग उघडा पडतो, पाणी गळतं, जंतू शिरतात. त्यावर दान केलेली त्वचा पसरली की ती साधारण दोन-तीन आठवडे झाकण म्हणून काम करते. पाणी थांबतं, वेदना कमी होतात, तेवढ्या वेळात रुग्णाची स्वतःची कातडी तयार व्हायला किंवा पुढचं ऑपरेशन करायला अवसर मिळतो. म्हणजे छोट्या फोडावरचं पातळ कातडं जे काम करतं, तेच काम मोठ्या जखमेवर कुणातरी अनोळखी माणसाने दिलेली त्वचा करते.

त्वचादानाबद्दल गावात भीती असते की देह विद्रूप होईल. पण मांडी, पाय आणि पाठीवरची फक्त वरची पातळ पापुद्र्यासारखी कातडी घेतात आणि वर पट्टी बांधून देतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ती घ्यावी लागते. रक्तगट जुळायची गरज नसते. अंत्यविधी नेहमीसारखा करता येतो.

फोड आहे, पण दुखत नाही?

फोड दुखला पाहिजे. दुखतो म्हणून आपण लंगडतो, चप्पल काढतो, पाय जपतो. दुखणं ही शरीराची राखण आहे. ज्याचा फोड दुखत नाही, त्याने खूश होऊ नये.

बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांच्या पायाच्या नसा मंद होतात. चपलेचा खिळा वर आला तरी कळत नाही. फोड येतो, फुटतो, त्यावरच चालणं चालू राहतं, जंतू हाडापर्यंत जातात. रक्तातली साखर जास्त असल्याने जखम भरत नाही. बोट, कधी पाऊल कापायची वेळ येते, आणि विचारलं तर सुरुवात असते नव्या चपलेच्या एका फोडाने. अशा माणसाने अनवाणी चालू नये, नवस असला तरी. देवालाही पाय गेलेला भक्त नको असतो.

रोज रात्री तळपाय बघायची सवय लावा. वाकता येत नसेल तर मोबाईलचा कॅमेरा तळपायासमोर धरून फोटो काढा आणि मोठा करून बघा. बोटांच्या बेचक्याही बघा. म्हाताऱ्या आई-वडिलांचे पाय सुनेने किंवा नातवाने बघावेत. फोड दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

दुसरं कारण कुष्ठरोग. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, तिथे स्पर्श कळत नाही, चहाचा कप धरताना किंवा चुलीपाशी भाजलं तरी समजत नाही, नकळत फोड येतात, तर लाजू नका, घाबरू नका. सरकारी दवाखान्यात याचं औषध मोफत मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो. लवकर औषध सुरू केलं तर बोटं वाकडी होण्याची वेळ येत नाही. पनवेल तालुक्यात नेरे इथलं शांतिवन कुष्ठरुग्णांसाठी केलेल्या कामामुळेच या भागात सगळ्यांना माहीत आहे. आज औषध इतकं चांगलं आहे की वेळेत आलेल्या रुग्णाला घर सोडायची गरज पडत नाही.

सगळ्याच फोडांचं पाणी निरुपद्रवी नसतं

घासून किंवा भाजून आलेल्या फोडाचं पाणी दुसऱ्याला लागलं तरी त्याला फोड येत नाही. बिब्बा उतल्यावर येणाऱ्या फोडांचंही तसंच. फोडातल्या पाण्याने ते पसरत नाहीत. पसरतात ते हाताला, नखांना, कपड्यांना राहिलेल्या बिब्ब्याच्या तेलाने. म्हणून बिब्बा लागला की आधी साबणाने हात आणि कपडे धुवा.

पण कांजिण्या आणि नागीण यांच्या फोडांत विषाणू असतो. ते पाणी संसर्गजन्य असतं. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मुलाला शाळेत पाठवू नये आणि गरोदर बाईला त्याच्याजवळ जाऊ देऊ नये. नागिणीबद्दल गावात अजून सांगतात की तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो. हे खरं नाही. अंगाच्या एका बाजूच्या नसेवरून ते फोड येतात म्हणून ते पट्ट्यासारखे दिसतात. त्यावर गोळ्या आहेत. पहिल्या तीन दिवसांत सुरू केल्या तर चांगला गुण येतो. उतारा करण्यात आणि गेरू लावण्यात तेच तीन दिवस जातात. डोळ्याजवळ फोड असतील तर अजिबात वेळ घालवू नका, नजर जाऊ शकते.

फोडातल्या पाण्याने आजार पसरतो, तसा तो टळूही शकतो. लहान मुलांना आपण जी लस टोचतो, तो शब्दही या पाण्याचाच आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातली ती पहिली. तेव्हा लस बाटलीत टिकत नसे. एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडातली लस काढून पुढच्या मुलाला टोचत. ॲनाच्या दंडावरच्या फोडातून मुंबईत आणखी पाच मुलांना लस दिली गेली आणि तिथून ती पुणे, सुरत, हैदराबादपर्यंत पोचली.

फोड येऊच नये म्हणून

पायी जायचं ठरलं असेल तर नवी चप्पल किंवा बूट त्याच दिवशी काढू नका. निदान दोन आठवडे आधी घालून रुळवा. मोजे चांगले बसणारे घ्या, दोन जोड जवळ ठेवा, ओले झाले की बदला. रोज थोडं थोडं चालणं वाढवा. दुपारच्या डांबरावर अनवाणी चालू नका, तिथे घासण्याचा आणि भाजण्याचा फोड एकदमच येतो.

मेडिकलमध्ये मिळणारी पांढरी कागदी टेप हा स्वस्त उपाय आहे. जिथे नेहमी फोड येतो तिथे, चालायला लागण्याआधीच, एक पदर लावायचा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी सुमारे २५० किलोमीटरच्या शर्यतीत धावणाऱ्यांवर हे करून पाहिलं. २०१६ मध्ये त्यांनी मांडलेल्या निष्कर्षानुसार टेप लावलेल्या जागी फोड ४० टक्क्यांनी कमी आले. २५० किलोमीटर म्हणजे साधारण आळंदी ते पंढरपूर.

चालताना एखादी जागा चुरचुरू लागली, लाल झाली, तर ती फोडाची आधीची खूण असते. तिथेच थांबा आणि पट्टी लावा. "मुक्कामाला गेल्यावर बघू" म्हटलं की मुक्कामाला फोड असतोच. विळा, फावडं धरताना जुन्या कापडाचा पदर किंवा हातमोजे वापरा.

दवाखान्यात कधी जायचं?

फोडातलं पाणी गढूळ झालं, पू दिसला, वास आला. फोडाभोवतीची लाली वाढत चालली. पायावर लाल रेघ वर चढताना दिसली, जांघेत किंवा काखेत गाठ आली. ताप, थंडी वाजली. फोड कारणाशिवाय अंगभर येऊ लागले, किंवा तोंडात आले. नवीन औषध सुरू केल्यावर आले. यातलं एक जरी असेल तर घरगुती उपाय बंद करा.

लाली वाढते की नाही हे कळत नसेल तर तिच्या कडेने पेनाने रेघ मारा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. सहा-आठ तासांनी पुन्हा बघा. लाली रेघेबाहेर गेली असेल तर सकाळची वाट बघू नका. तोच फोटो डॉक्टरांना दाखवा, त्यांनाही उपयोग होतो.

बाकी साध्या फोडाला लागतात पाच दिवस, थोडं साबण-पाणी आणि एक स्वच्छ पट्टी. पुढच्या वेळी घरातलं कुणी सुई घेऊन आलं, तर आधी त्यांना हे वाचून दाखवा.